मराठीच्या सरांचा शेवटचा अंक

"छान शे. पण कोनं शे?"

आमच्या शाळेतले मराठीचे सर पोराच्या हातात वही परत देताना हे एवढंच विचारायचे. छान आहे, पण कुणाचं आहे? वर्गात ते एरवी छापील पुस्तकासारखं बोलत, पण हा एक प्रश्न मात्र नेहमी अहिराणीत. पोरगं खरं बोलणारं असेल तर मान खाली घालून सांगायचं, "गाईडमधलं शे सर." मग सर हसायचे आणि म्हणायचे, "गाईडवाल्याला माझा नमस्कार सांग. आता तुझं आण."

मी त्याच शाळेत गणित शिकवते. अमळनेरहून एसटीने जाऊन-येऊन करते. सर उलट्या दिशेच्या गाडीने यायचे. आमच्या दोन गाड्या फाट्यावर मागेपुढे पोचायच्या आणि तिथून गावापर्यंतचा रस्ता आम्ही बरोबर चालायचो. मी पहिल्यापासून तापट. कॉपी करणारं पोरगं दिसलं की माझं डोकं फिरतं. सर चालता चालता ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "ताई, तुमच्या गणितात उत्तर एकच असतं, म्हणून तुम्हाला राग येतो. माझ्याकडे प्रत्येकाचं वेगळं यायला हवं. ते येत नाही म्हणून मला फक्त वाईट वाटतं."

सरांचा जीव कशात होता ते आधी सांगते, म्हणजे पुढचं तुमच्या लक्षात येईल. आमच्या शाळेचा दरवर्षी एक हस्तलिखित अंक निघतो. मुलांनी लिहायचं, ज्यांचं अक्षर सुंदर त्यांनी ड्रॉइंग पेपरवर उतरवायचं, चित्रकलेत बरी असतील त्यांनी कडेनं वेलबुट्टी काढायची आणि मग दाभणाने शिवून वर पुठ्ठा चढवायचा. प्रत एकच. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की प्रकाशन. सर नोकरीला लागले त्या वर्षापासून त्यांनी हा अंक एकदाही चुकवला नव्हता. पाऊस नव्हता त्या वर्षीही अंक निघाला आणि लॉकडाऊनमध्ये पोरांच्या घरी जाऊन ओट्यावर पानं गोळा करून निघाला. प्रकाशन झालं की अंक हेडसरांच्या कपाटात जायचा आणि कुलूप लागायचं. तो नंतर कुणी उघडून वाचला असेल असं मला तरी वाटत नाही. सरांना त्याची खंत होती, पण ते बोलून दाखवत नसत.

ह्या वर्षीचा अंक सरांचा शेवटचा. फेब्रुवारी अखेरीला ते निवृत्त होणार होते. त्यांनी विषय दिला, 'आमच्या घरचा सण', आणि दिवाळीच्या सुट्टीत लिहून आणायला सांगितलं.

सुट्टीनंतर जो गठ्ठा आला तो पाहून मी चाटच पडले. काय ती भाषा! एरवी 'न' आणि 'ण' मध्ये गोंधळ घालणारी कार्टी 'सांस्कृतिक वारशाचे जतन' लिहून बसली होती. मला वाटलं सर खूश होतील. सरांनी आपल्या सवयीप्रमाणे एकेकाला जवळ उभं करून मोठ्याने वाचायला लावलं आणि पोरं स्वतःच्याच वाक्याला ठेचकाळायला लागली. एक पोरगा 'अविस्मरणीय'वर तीनदा अडला आणि शेवटी म्हणाला, "सर, हाऊ शब्द सोडी देऊ का?"

तुम्ही ओळखलंच असेल. घरोघरी मोबाइल आहे, त्यात ते कृत्रिम बुद्धीचं यंत्र आहे, त्याला विषय सांगितला की घटकाभरात निबंध हजर. वर्गातल्या बहुतेकांनी कानबाई हा देवीचा सण घेतला होता आणि सगळ्यांची सुरुवात एकच होती, 'श्रावण महिना म्हणजे उत्साहाचा आणि मांगल्याचा महिना.' ज्यांच्या घरी कानबाई बसत नाही त्यांनीही मित्राच्या मोबाइलवरून तीच कानबाई बसवली होती. शेवटी सगळ्यांना एकतेचा संदेश मिळाला होता.

आणि मध्ये एक वाक्य सगळ्यांत होतं. 'गावातील सर्व नागरिकांना व पाहुण्यांना रोटांचा प्रसाद प्रेमाने वाटला जातो.'

खानदेशातला माणूस इथे कपाळाला हात लावेल. बाहेरच्यांसाठी सांगते. कानबाईचे रोट म्हणजे घरातल्या पुरुषांच्या नावाने मूठ मूठ गहू काढून, ते दळून केलेला देवीचा प्रसाद. तो फक्त भाऊबंदांनी खायचा. शेजारी कितीही जिवाभावाचा असला तरी त्याला रोट मिळत नाही. पुरणपोळी, खीर, वाटेल ते मिळेल, पण रोटाचा तुकडा नाही. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. आणि त्याच पोरांनी स्वतःच्या नावावर लिहून दिलं होतं की आम्ही रोट गावभर वाटतो! एकानेही वाचलं नव्हतं.

"वाचलं का नाहीस गं?" असं सरांनी अश्विनीला विचारलं. ही नववीतली, अंगाने किडकिडीत आणि तोंडाने तिखट.

"लई लांब व्हतं सर," ती म्हणाली.

मी तिथेच होते. मी म्हटलं, सगळ्यांचे पालक बोलवा, मोबाइल जप्त करा, अंतर्गत मूल्यमापनात शून्य द्या. माझा आवाज वरच्या वर्गापर्यंत गेला असणार. सर गठ्ठ्याला दोरी बांधत बसले. त्या दिवशी फाट्यावर एसटी आली तेव्हा म्हणाले, "ताई, शेवटच्या अंकात माझी पोरंच नसली तर तो अंक कशाला काढायचा?" त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी कधी पाहिला नव्हता. 

आता ह्यावर तुम्ही म्हणाल, म्हातारा माणूस, नव्या गोष्टीला घाबरला. अजिबात नाही हो! दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझ्याकडून स्वतःच्या मोबाइलवर ते यंत्र सुरू करून घेतलं. डबा खाता खाता त्याच्याशी गप्पा. "ताई, ह्याला विचारा, माझ्या आईच्या हातचे फुनके कसे लागायचे?" फुनके म्हणजे आमच्याकडचे डाळीचे वाफवलेले मुटके. मी लिहिलं. यंत्राने लगेच सांगितलं की आपल्या आईच्या हातचे फुनके म्हणजे प्रेमाची आणि परंपरेची चव. सर कितीतरी वेळ हसत होते. "बिचारं! एक घास जेवलं नाही आणि ढेकर देतंय." मग म्हणाले, "गरीब आहे हो. विचारलं की नाही म्हणता येत नाही त्याला. ह्याच्यावर काय रागवायचं?"

पण हेडसरांनी वेगळाच सूर लावला. त्यांनी गठ्ठा चाळला आणि ते खूशच झाले. म्हणाले, "सर, एवढा सुंदर मजकूर आपल्या शाळेत कधी आला नव्हता. केंद्रप्रमुख येणार आहेत सव्वीस जानेवारीला. रोटांचं वाक्य तेवढं काढा आणि दणदणीत अंक निघू द्या. तुमचं शेवटचं वर्ष आहे."

"हा अंक मी काढणार नाही," सर म्हणाले.

"मग अंक निघणार नाही, सर."

"नाही तर नाही."

हे बोलून सर बाहेर आले आणि नळावर जाऊन उगाचच पुन्हा पुन्हा हात धूत राहिले. जन्मभराचं एक काम शेवटच्या वर्षी अडलं होतं.

मग त्यांनी काय केलं ते ऐका. संध्याकाळी शाळा सुटल्यावर ते सरळ अश्विनीच्या घरी गेले. मला म्हणाले, चला. तिची आजी ओट्यावर शेंगा निवडत बसली होती. सर समोर मांडी घालून बसले आणि रुसल्यासारखं तोंड करून म्हणाले, "माय, मी तुमच्यावर नाराज आहे. तुम्ही कानबाईचे रोट गावभर वाटता. तुमच्या नातीनं लिहून दिलंय. मग मलाच का नाही दिले?"

म्हातारीच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. "काय बोलतस गुरुजी! रोट का कोनले देतस का? भाऊबंद शेत का तुम्हीन आमना? हाई कोनी सांगं तुमले?"

दारामागे अश्विनी जीभ चावत उभी.

म्हातारी एकदा सुरू झाली ती थांबेचना. गहू कसा निवडायचा, जात्याला काय लावायचं, नारळाला नथ कशी घालायची, फुगड्या घालताना कुणाची सून धपकन पडली, कुणी कुणाचं सोवळं मोडलं. सर मध्येच एखादा हुंकार द्यायचे. मग म्हातारी म्हणाली, तिची थोरली लेक लग्नानंतर पहिल्याच श्रावणात माहेरी आली. घरभर रोटांचा वास आणि पोर ओट्यावर बसलेली. लग्न झालं, कूळ बदललं, आता तिला इथले रोट चालायचे नाहीत. आईने तिच्यासाठी वेगळी पोळी लाटली. "पोटनी पोर शे, तरी रोट नही," म्हातारी म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. एवढी वर्षं झाली त्याला, पण डोळे पुसावे लागले.

अश्विनी दारामागून पुढे आली होती. तिने विचारलं, "म्हणजे मनं लगीन व्हयनं की माले बी नही?"

"तुले बी नही," आजी म्हणाली.

पोरीचं तोंड पाहण्यासारखं झालं. सर तिला म्हणाले, "हे लिही."

"हे काय लिहिण्यासारखं आहे का सर?" ती एकदम शाळेतल्या भाषेत बोलायला लागली. "ते मोबाइलवालं चांगलं लिहितं. आम्ही लिहिलं की नुसती लाल शाई होते. 'शे' लिहिलं की गोल, 'बठ्ठा' लिहिलं की गोल. पूर्ण पान लाल होतं."

 ते गोल काढणारे सरच होते, दुसरं कोण? परत येताना त्यांनी खिशातलं लाल पेन काढून माझ्या हातात दिलं. म्हणाले, "ताई, तुम्हाला गणितात लागेल." मी ते घेतलं. 

दुसऱ्या दिवसापासून मराठीच्या तासाला वेगळाच प्रकार सुरू झाला. वह्या बंद. एकाने उभं राहून सांगायचं, घरी बोलतो तसं. बाजूच्याने ऐकून लिहायचं. मग ज्याने लिहिलं त्याने वाचायचं आणि सांगणाऱ्याने चुका काढायच्या. "मी असं नही सांगं!" म्हणून पोरं भांडायची. शेजारच्या वर्गात मी वर्गमुळं शिकवत असायचे आणि भिंतीपलीकडून हसण्याचा गदारोळ. दोनदा मी तावातावाने आवाज कमी करा म्हणून सांगायला गेले आणि दोन्ही वेळा दारातच ऐकत उभी राहिले. एक मुलगा चौदा एप्रिलच्या आदल्या संध्याकाळचं सांगत होता. आईने पांढरी साडी इस्त्रीला दिली, इस्त्रीवाल्याकडे अख्ख्या वस्तीच्या पांढऱ्या साड्या, कुणाची कुठली ते कळेना, आणि शेवटी आई मावशीची साडी नेसून मिरवणुकीत गेली. ह्याच पोराने आधी कानबाई बसवली होती बरं का. सर हसता हसता बाकावर हात आपटत होते.

अश्विनीचं पान मी स्वतः वाचलं आहे. तिने लिहिलं होतं, 'आमची आत्या कानबाईला येते पण ओट्यावर बसते. मला वाटायचं तिला घरात उकडतं. आता मला कळलं. माझं लग्न झालं की मी पण ओट्यावर बसेल. म्हणून यंदा मी खूप रोट खाल्ले असते पण मला आधी माहीत नव्हतं. पुढच्या वर्षी मी पोट दुखेपर्यंत खाईल. आत्याला मी आता आतून पंखा नेऊन देणार नाही, मी तिच्याजवळ बसणार आहे.' मी गणिताची बाई, मला लिखाणातलं काय कळतं? पण स्टाफरूममध्ये बसून मी रडले, आणि ते लपवलंही नाही.

अंक पुन्हा हेडसरांच्या टेबलावर गेला. तो नेहमीच्या निम्म्याहून बारीक होता आणि अर्धी वाक्यं अहिराणीत. हेडसर वैतागले. "हे केंद्रप्रमुखांना दाखवायचं? पानापानावर अशुद्ध!" सर म्हणाले, "संपादक म्हणून माझं नाव काढून टाका, पण मजकुरातलं अक्षर काढू नका." मी म्हणाले, "आणि काढायचं असेल तर आधी बसून वाचा तरी!" हो, मी हेडसरांना असं बोलले. 

त्यांनी वाचलं. आमच्या समोरच वाचलं. अश्विनीच्या पानावर ते फार वेळ थांबले. मग चष्मा पुसत म्हणाले, "माझी बहीण एरंडोलला दिलीय. तीही बसते ओट्यावर. मी कधी विचारलंच नाही तिला काही." खाली सही केली आणि वर साहेबी आवाजात म्हणाले, "ऱ्हस्व-दीर्घ तरी बघून घ्या." सर म्हणाले, "बघतो." आणि बघितलं नाही, हे तुम्हाला म्हणून सांगते.

सव्वीस जानेवारीला प्रकाशन झालं. केंद्रप्रमुखांनी अंक हातात घेऊन फोटो काढला, जिलबी खाल्ली आणि गेले. त्यांनी आत उघडलंही नाही. सरांना त्याचं काही वाटलं नाही. अंक निघाला होता आणि त्यात त्यांची पोरं होती, त्यांना तेवढं पुरे होतं. त्या दिवशी फाट्यापर्यंत ते गुणगुणत चालले. सूर कसला म्हणता? पण चालले गुणगुणत.

त्याआधी, शाळेतून निघता निघता अश्विनी माझ्याकडे आली होती. आजीला वाचून दाखवायचं आहे, एका रात्रीसाठी अंक न्यायचा. कपाटाची किल्ली त्या दिवशी माझ्याकडे होती. मी दिला.

तो सकाळी आला नाही. विचारलं तर म्हणाली, शेजारच्या काकूंनी ऐकायला नेला. काकूंना विचारलं तर इस्त्रीवाल्याकडे गेला होता, कारण त्याच्याबद्दल लिहिलंय असं त्याला कळलं होतं. तिथून वरच्या आळीत. प्रार्थनेच्या वेळी हेडसरांनी दटावून विचारलं, "अंक कुणाकडे आहे?" प्रत्येक पोरगं दुसऱ्याच्या घराकडे बोट दाखवायला लागलं. सर मागे उभे राहून जमिनीकडे बघत होते, पण खांदे हलत होते त्यांचे. गावात संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या ओट्यावर एक पोरगी वाचतेय आणि बायका "असं नही वं, तसं व्हतं," म्हणत तिला अडवताहेत, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. हळदीचे आणि तेलाचे डाग पडलेत म्हणे पानांवर.

फेब्रुवारी अखेरीला सरांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं झालं. भाषणात मुलांनी सांगितलं की सर रागवत नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते. सगळे हसले. नंतर चहा पिताना सर हळूच म्हणाले, "ताई, जाण्याआधी अंक एकदा हातात घेऊन बघायचा होता हो. प्रकाशनाच्या गडबडीत राहूनच गेलं."

मी अश्विनीला पिटाळलं. ती धापा टाकत परत आली. अंक गावातच नव्हता. वरच्या आळीतली एक सून माहेरी गेली होती पारोळ्याला, तिने आईला वाचून दाखवायला बरोबर नेला होता. कधी येणार ते तिच्या सासूलाही माहीत नव्हतं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मभर ज्याच्यासाठी ह्या माणसाने जीव टाकला, तो शेवटचा अंक त्याला शेवटच्या दिवशी बघायलाही मिळू नये! मी सरांची माफी मागायला लागले. पण सर कपबशी खाली ठेवून विचारत होते, "पारोळ्याला? म्हणजे गावाबाहेर गेला?"

"हो सर."

"एसटीनं गेला?"

"एसटीनंच गेला असेल सर."

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. इतका आनंदी माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. "राहू द्या ताई," ते म्हणाले, "बोलावू नका कुणाला."

निवृत्त झाल्यावर ते शिंदखेड्याकडच्या आपल्या गावी राहायला गेले. फाट्यापासून शाळेपर्यंतचा रस्ता मी आता एकटी चालते आणि तो लांब झालाय. हेडसर शाळेच्या सामानाचं डेड स्टॉक रजिस्टर उघडून मला अधूनमधून विचारतात, अंकाचं काय झालं? मी सांगते, येईल. पारोळ्याहून तो आणखी कुणीतरी धुळ्याला नेला म्हणतात.

रविवारी सरांचा फोन येतो. ख्यालीखुशाली होते आणि मग ते न चुकता विचारतात, "ताई, आला का तो?"

मी म्हणते, "नाही सर, अजून नाही."

"बरं झालं," ते म्हणतात, आणि फोन ठेवतात.